संघमित्राने तीनदा साधु म्हटलं

भरल्या सभेत, तुम्हाला न येणाऱ्या भाषेत कुणी आशीर्वाद दिला आणि शेजारच्यांनी हात जोडले, तर तुम्ही काय कराल? लगेच उत्तर देऊ नका. मला विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं, मी आधी अर्थ विचारीन. मी शिकलेली बाई आहे, बंदी घातलेल्या बातम्या लोकांपर्यंत पोचवणारी बाई आहे, मला कोण फसवणार. पण मी हात जोडले, आणि नुसते जोडले नाहीत, तोंडानं साधु, म्हणजे उत्तम, मान्य आहे, असं म्हटलं, एकदा नाही, तीनदा.

माझं नाव संघमित्रा. भुसावळची मी. वडील रेल्वेत फिटर होते. आजोबांनी धर्म बदललेला, त्यामुळे आमच्या घरी देव्हारा नव्हता, पुस्तिकांची फळी होती. पातळ पातळ, टाचणी मारलेल्या पुस्तिका, मेळाव्यात वाटलेल्या. वडील रविवारी त्यातली एक काढायचे आणि मोठ्यानं वाचायला लावायचे, आणि अडखळलं की म्हणायचे, बाई, तुला कळलं नाही ते तू दुसऱ्याला काय देशील. नावही त्यांनी अशाच एका पुस्तिकेतून काढलं. सम्राट अशोकाची मुलगी बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार सिंहलद्वीपाला गेली ती संघमित्रा. शाळेत मुली मला संघ्या म्हणायच्या, मला ते नाव मुळीच आवडायचं नाही. पुढं ह्याच नावामुळं काय होणार होतं हे तेव्हा कुणाला ठाऊक.

पुण्याला इंजिनिअरिंग झालं, तिथंच मिलिंद भेटला, लग्न झालं, त्याला सिंगापूरला चिपच्या कंपनीत नोकरी लागली, म्हणून मीही आले. टॅम्पिनीसला भाड्याचा फ्लॅट, खाली खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर, मुलगी आन्या इथल्याच शाळेत. मला वेबसाइटी ठेवणाऱ्या एका कंपनीत काम मिळालं, म्हणजे लोकांच्या साइट ज्या सर्व्हरवर राहतात ते सर्व्हर सांभाळायचे. तिथं शेजारच्या टेबलावर निल्मिणी होती, आम्ही निलू म्हणायचो. श्रीलंकेची, सिंहली, मातराकडची. माझं नाव ऐकून ती उभीच राहिली. म्हणाली, अगं आमच्याकडे ह्या नावानं सण असतो. मी म्हटलं, आमच्याकडे ह्या नावानं मुली चिडवतात. तेव्हापासून आमचा डबा एकत्र.

तिच्या देशात युद्ध चालू होतं. २००९ साल, शेवटचे महिने. पत्रकारांना आत जाऊ देत नव्हते, काही साइट बंद करून टाकलेल्या, आणि टीव्हीवर दिवसभर एकच, आज एवढं पुढं सरकलो, सामान्य माणसाला खरचटलंही नाही. आणि आत समुद्राकाठच्या चिंचोळ्या पट्ट्यात लाखानं तमिळ माणूस कोंडलेला, वरून तोफा पडताहेत, आणि पळून जाऊ बघतील तर तमिळ वाघांचे, म्हणजे सरकारशी लढणाऱ्या बंडखोरांचे, लोकच मागून गोळ्या घालताहेत. निलू हे सगळं बाहेरच्या बातम्यांतून, आतल्या डॉक्टरांनी पाठवलेल्या निरोपांतून गोळा करायची आणि सिंहलीत लिहायची. इंग्रजीत जगाला सांगणारे पुष्कळ होते हो. ती म्हणायची, माझ्या गल्लीतल्या बाईला सांगणारं कुणी नाही. आणि दोन्हीकडचं लिहायची, सरकारच्या तोफाही आणि वाघांच्या गोळ्याही. साइट चालवायला तिच्याबरोबर मी होते आणि कुमारन म्हणून एक होता, इथलाच सिंगापूरचा तमिळ, तो कधी कधी कुरकुरायचा, की वाघांचं आत्ता कशाला. निलू म्हणायची, अर्धं खरं तर टीव्हीसुद्धा सांगतो.

एक साइट बंद झाली की कुमारन दुसऱ्या पत्त्यावर तीच उघडायचा, पण ती कळून आठवड्यात पुन्हा बंद. तेव्हा मी सुचवलं, आणि काय सांगू तुम्हाला, मला त्याचा फार अभिमान होता. मी म्हटलं, पानांना सुत्तांची, बुद्धाच्या उपदेशांची, नावं द्या. वर बुद्धाचं चित्र, पहिल्या चार ओळी वंदनेच्या, आणि खाली बातमी. त्या देशात वंदनेच्या पानाला कोण हात लावणार? पाली मला तोंडपाठ, लहानपणापासूनची, वरच्या ओळी मीच टाकायची. आणि चाललं बघा ते. लोक एकमेकांना मेल करायचे, हे सुत्त शेवटपर्यंत वाच.

निलूची अम्मा मातराला एकटी राहायची, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. अम्माला आधी ह्यातलं काही पटायचं नाही. टीव्ही खोटं कशाला बोलेल, तू परदेशात राहून बिघडलीस. पण निलू चिवट, ती पानं पाठवतच राहिली, आणि एक दिवस अम्मानं फोनवर विचारलं, ते दवाखान्यावर बॉम्ब पडल्याचं लिहिलंयस ते खरं आहे का गं? बस, एवढंच विचारलं. निलू दिवसभर ऑफिसात चालताना उड्या मारत होती. म्हणाली, अम्मानं विचारलं ना, आता ती शेजारणीला सांगेल, माझी अम्मा गप्प बसणाऱ्यातली नाही. सगळ्या देशाचं राहू द्या, आमच्यासाठी ती एक म्हातारी म्हणजे परीक्षा होती. ती मानली तर आमचं काम खरं.

आता त्या रविवारचं सांगते. इथल्या सिंहली लोकांच्या एका विहारात आम्ही कधीमधी जायचो, आन्याला वंदना यावी म्हणून. त्या दिवशी श्रीलंकेतून कुणी मोठे भन्ते, म्हणजे भिक्खू, आलेले. निलू आली नव्हती, ती तिथं जायची बंद झाली होती, आणि का बंद झाली हे मी कधी विचारलं नाही, बघा माझं शहाणपण. मी पांढरी साडी नेसून गेले. कुणीतरी भन्तेंना माझं नाव सांगितलं, तर ते एवढे खूश, पालीतलं नाव घेऊन म्हणाले, संघमित्ता, भारतातून संघमित्ता आली, पुढं बसवा, पुढं बसवा. मला अगदी पहिल्या रांगेत बसवलं. परित्तपाठाला, म्हणजे रक्षणासाठी सुत्तं म्हणतात तेव्हा, तिकडे पांढरा दोरा धरतात, भन्तेंच्या हातातून निघालेला दोरा सगळ्या सभेतून फिरतो, प्रत्येकानं धरायचा. माझ्या हातात तो दोरा, कानावर पाली, आणि मला वाटलं, भुसावळच्या फिटरची मुलगी मी, आज कुठं येऊन बसले, अडीच हजार वर्षांचा दोरा आहे हा. डोळे भरून आले माझे. पाली संपली आणि भन्ते सिंहलीत बोलायला लागले. सूर तोच, आवाज तसाच मऊ, मला वाटलं पालीचाच अर्थ सांगताहेत. ते थांबले, सगळे साधु म्हणाले, मीही म्हणाले. साधु, साधु, साधु. समोर कॅमेरा होता, मला वाटलं विहाराचा असेल.

चार-पाच दिवसांनी आन्या कॉम्प्युटरवरून ओरडली, आई, यू सो फेमस लाह! कुणीतरी मिलिंदला मेलनं तो व्हिडिओ पाठवला होता, तिकडच्या एका चॅनेलवर दाखवलेला. मी, पांढरी साडी, डोळ्यांत पाणी, हातात दोरा. खाली सिंहली अक्षरं. मी हसत हसतच निलूला दाखवला, की बघ तुझ्या देशात मी टीव्हीवर. निलूनं तो शेवटपर्यंत बघितला. मग तिनं मला खालची अक्षरं इंग्रजीत वाचून दाखवली. भारतातून संघमित्ता आली आणि आपल्या वीरांना तिनं आशीर्वाद दिला. मी म्हटलं, कुठले वीर, मी तर वंदनेला. ती म्हणाली, भन्ते काय म्हणताहेत ऐक, आणि एकेक वाक्य थांबवून सांगायला लागली. की शेवटच्या पट्ट्यावर तोफा डागणाऱ्या हातांना बळ मिळो, त्यात पाप नाही, ते धर्मरक्षणाचं पुण्य आहे. आणि त्यावर माझा साधु. मी तो व्हिडिओ पुन्हा बघितला. बाजूला विहाराचे नेहमीचे म्हातारे भन्ते बसलेत, ते खाली बघताहेत आणि त्यांचे ओठ मिटलेले आहेत. त्यांना भाषा येत होती. मला येत नव्हती आणि मी सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं.

ज्या सकाळी त्याच आवारात मी पहिलं शील म्हटलं, प्राण्याला मारणार नाही म्हणून, त्याच सकाळी. मी जमिनीत जावं असं झालं हो.

अम्मानं तो व्हिडिओ बघितलाच होता. तिनं निलूला फोन केला आणि म्हणाली, तुझी ती भारतातली मैत्रीण, साक्षात संघमित्ता, ती रडत रडत आशीर्वाद देते आणि तू दवाखान्यावर बॉम्ब पडले म्हणून मला खोटं पाठवतेस. यापुढं पाठवू नकोस. मग निलूनं फोन केला की अम्मा ठेवून द्यायची.

शेवटी मी फोन केला. मी म्हटलं, आंटी, मला सिंहली येत नाही, मला कळलं नाही ते काय म्हणाले. मग शिक्षिकेच्या आवाजात, अगदी स्वच्छ इंग्रजीत, त्या म्हणाल्या, एकदा म्हटलं असतंस तर चूक म्हणाले असते, तू तीनदा म्हटलंस. मी म्हटलं, आमच्यात तीनदाच म्हणतात. त्या म्हणाल्या, आमच्यातही. मग म्हणाल्या, हे मला फोनवर कानात सांगून काय उपयोग? तू म्हटलंस ते माझ्या सगळ्या गल्लीनं बघितलं. माझी मुलगी खरं लिहीत असेल तर तितक्याच लोकांसमोर सांग. सांगतेस?

कुमारननं त्याच संध्याकाळी कॅमेरा आणला. म्हणाला, हीच साडी नेस, दोन वाक्यं बोल, आपण सुत्ताच्या पानावर टाकू, उद्या सगळीकडे जाईल. निलू नुसती बघत होती माझ्याकडे. मिलिंद म्हणाला, डोकं ठिकाणावर आहे का? आपण इथं एम्प्लॉयमेंट पासवर, नोकरीपुरत्या परवान्यावर आहोत, दुसऱ्या देशाच्या राजकारणात तोंड घातलं तर पास राहील? आन्याची शाळा? तो घाबरला होता, आणि त्याचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण नाही मी म्हटलं. त्याच्या तोंडून नाही, माझ्या तोंडून. मी कुमारनला म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात युद्ध संपलं. तिकडे रस्त्यावर फटाके वाजले, मिठाई वाटली गेली. त्या पट्ट्यातली किती माणसं वाळूत राहिली ते आम्ही पानावर लिहू शकलो नाही, कारण मोजायलाच कुणी नव्हतं.

आणि पासाचं म्हणाल, तर मंदी आली, मिलिंदच्या कंपनीनं माणसं कमी केली, त्यात तोही गेला. ज्यासाठी गप्प बसले ते असंही गेलंच. आता आम्ही पुण्याला चाललोय, खोकी बांधून झालीत. निलू निरोपाला आली होती, आन्यासाठी खाऊ घेऊन. पानं तिनं अजून चालू ठेवलीत, आता तारांच्या कुंपणातल्या छावण्यांबद्दल लिहिते. वरच्या पालीच्या ओळी मात्र तिनं काढून टाकल्यात. मी कारण विचारलं नाही. अम्मा अजून तिचा फोन घेत नाही. माझ्यावर निलू एका शब्दानं रागावली नाही, आणि खरं सांगू, रागावली असती तर बरं झालं असतं.

म्हणून मी हे सगळं माझ्या खऱ्या पहिल्या नावानं सांगतेय, लिहून घ्या, काही वगळू नका. तो व्हिडिओ अजून फिरतोय. आपल्याकडच्याही कितीतरी जणांनी तो कौतुकानं पुढं पाठवला, की बघा आपली मुलगी सिंहलद्वीपाच्या भन्तेंसमोर. तुमच्याकडे आला असेल, येईलही. पांढरी साडी, डोळ्यांत पाणी, ती मी. पुसून टाकू नका, पुसून काही होत नाही. ज्यानं पाठवला त्याला परत पाठवा, आणि खाली मराठीत, इंग्रजीत, येत असेल तर सिंहलीत एवढं लिहा: या बाईला भाषा कळत नव्हती, आणि कळल्यावर ती गप्प बसली. दोन्ही लिहा. पहिलंच लिहून सोडू नका.