पिळताना येणारा आवाज

परक्या देशात, वॉशिंग मशीन दुरुस्तीच्या रांगेत माझ्या पुढचा तरुण मराठीत बोलत होता. फोन स्पीकरवर होता; पलीकडे त्याचे मेकॅनिक वडील.

“बाबा, पाठवलेला आवाज ऐकलात?”

“ऐकला. पिळताना धडधडतंय. कधीपासून?”

“महिना झाला. अख्खं मशीन जागचं सरकतं.”

“सरकणारच. कपडे कमी असले की एका बाजूला गोळा होतात. मशीनला काही झालेलं नाही.”

“कमी कुठे? नेहमीचेच तर टाकतो.”

“एकट्याचे वाटतायत. सूनबाईचे कुठे आहेत?”

“ती हल्ली कामात असते, बाबा.”

“मी कपड्यांचं विचारलं.”

रांग पुढे सरकली. तो जागचा हलला नाही.

“बरं. सोबत दोन जाड टॉवेल टाकत जा. मशीन तरी शांत होईल.”