भटकी की पाळीव

डॉक्टर : पुन्हा विचारते. सापडली तेव्हा दोरा तोंडातून लोंबत होता?

भाऊ : असेल. मी कशाला मांजरीच्या तोंडात बघू? गटाराकडेला पडली होती, उचलली, आणली.

डॉक्टर : आणि या?

भाऊ : बहीण माझी. टेलर आहे. सोबत आलीय फक्त.

डॉक्टर : ताई, बसा. घाम फुटलाय तुम्हाला.

ताई : माझं सोडा हो, तिचं बघा.

डॉक्टर : पोटात ओवलेली सुई आहे, दोरा जिभेखाली अडकलाय. बाहेरचं टोक कोणी ओढलं असेल तर आतडं चिरलेलं असू शकतं. मग थेट पोट उघडायचं. नसेल ओढलं, तर आधी तोंडातून नळी घालून बघते. जीव अशक्त आहे, उगाच कापायला नको.

भाऊ : आम्हाला काय माहीत? भटकी आहे, कागदावर लिहिलंय तसं. भटक्यांचा सगळा खर्च मदतनिधी करतो ना?

डॉक्टर : करतो. बरी झाली की निवाऱ्यात जाते, तिथून दुसऱ्या कोणाच्या घरी.

ताई : दुसऱ्या कोणाच्या?

भाऊ : ताई, गप्प.

डॉक्टर : भुलीची तयारी करते. काही आठवलं तर हाक मारा, पडद्यापलीकडेच आहे.

(डॉक्टर पडद्याआड जातात.)

ताई : हे मला बोलला नाहीस तू.

भाऊ : बोललो असतो तर आली असतीस? पाळीव म्हटलं की निम्मा खर्च आपल्या गळ्यात. आहेत पैसे? गणवेशांची शिलाई तरी मिळाली का?

ताई : मिळेल.

भाऊ : मिळेल! अगं, जगेल ती, एवढं बघ. कुठे का असेना.

ताई : दोरा मी ओढला रे.

भाऊ : काय?

ताई : काज करता करता उठले, सुई गादीत टोचून. येऊन बघते तर हिच्या ओठातून दोरा लोंबतोय. सुटा दोरा दिसला की हात जातोच माझा. ओढला. अशी किंचाळली ती...

भाऊ : हळू बोल.

ताई : हळू काय? त्या आत नळी घालत बसतील.

भाऊ : मग सांग, रस्त्यावर दिसला, ओढला. दोरा खरा, रस्ता खोटा. भागतंय की.

ताई : डॉक्टर! डॉक्टर, दोरा ओढलाय. सकाळी. मी.

डॉक्टर : जोरात?

ताई : चांगलाच.

डॉक्टर : बरं झालं बोललात. पोटच उघडते. सकाळी कुठे?

भाऊ : रस्त्यावर.

ताई : घरी. माझ्या मशीनपाशी. तिथेच झोपते ती, पिल्लू होती तेव्हापासून.

भाऊ : घे! झालं समाधान?

डॉक्टर : मग हा कागद बाद. निम्मा खर्च निधी देईल, कमाईचा दाखला उद्या आणा. बाकीचे हप्त्याने भरता येतात, पण पगारदार जामीन लागतो.

भाऊ : माझ्याकडे बघू नकोस.

ताई : नाही बघत.

भाऊ : दुसऱ्या बाजूला बघून तेच करतेयस. द्या इकडे तो जामिनाचा कागद. पण ताई, एक हप्ता चुकला ना, तर तुझं मशीन मी स्वतः उचलून नेईन.

ताई : ने.

डॉक्टर : थांबा, घाईत काही करू नका. वाचेलच असं मी म्हणत नाही. गेली, तरी पैसे फिटेपर्यंत भरावे लागतील. पहिला कागद अजून फाडलेला नाही. तुम्ही घरी म्हणालात की रस्त्यावर, मी नीट ऐकलं नाही असं समजते.

भाऊ : ऐक ताई, त्या स्वतः म्हणतायत.

ताई : डॉक्टर, गेली तर कोणाच्या हातात देता?

डॉक्टर : मालकाच्या. भटकी असेल तर आम्हीच कुठेतरी पुरतो.

ताई : सही कुठे करायची?