मास्तरचा फसलेला शेवट

आता तूच पाह्य ना आकांक्षा, देवमन मास्तर अथीच बसत — या गाद्यांच्या थप्पीवर, पाय वर घेऊन. गिऱ्हाईक आलं का माया मुजम्मिलचे अब्बा म्हनत, 'मास्तर, उठा जरासे, तुमी बसले थेच गादी विकाची हाये' — मास्तर उठत, दुसऱ्या गादीवर जाऊन बसत, पन पेन काई थांबे नाई. सारं मूर्तिजापूर त्याईले भ्याये. कावून? अवं, आज बोललं का उद्या पुस्तकात! मास्तर दिसले का लोकं तोंडाले कुलूप लावत, आन पुस्तक आलं का थेच लोकं भांडत — यातला भला मानूस म्हंजे मीच म्हनून. पुंजाजी तं अजून सांगते, त्यातला पाटील म्हंजे मी. पाटील कायचा — म्हशीचोर हाये थो त्यातला! मास्तर म्हनत, हाजराबी, सांगू नको त्याले, बुढा खुश हाये तं राहू दे. असा मानूस. आन लिहिलं कसं — जसं आमी बोलतो तसंच, आमच्याच बोलीत. पुन्याच्या लोकाईले समजलं नाई, तं मास्तर म्हनत, त्याईनं अथी येऊन राहावं चार दिवस, सारं समजन. उद्या वऱ्हाडातल्या साऱ्या लिहिनाऱ्याईचे फोटो लावून राहिले ना हॉलमंधी? मास्तरचा मंधात लावजा. आन हार ताज्या फुलाईचा — थो प्लास्टिकचा नको.

चहा घे. नाई कशी म्हनतं? अमरावतीहून उद्या हॉलमंधी दाखवाची फिलिम घ्याले आली, तशीच जाशीन काय? दूध हाये, मले एकटीले किती लागते. बस ना, घाई काय हाये — त्या कॅमेऱ्याले बी टेकू दे जरासं. हं, काय विचारत होती — शेवट. पिंजाऱ्याच्या पुस्तकाचा शेवट. मोठमोठे प्रोफेसर म्हनतात ना, बाकी पुस्तक सोनं हाये, शेवटालेच मास्तर फसले — घर सोडून गेलेला पोरगा उगाच वापस आनला, गोड गोड केलं. मले मालूम हाये. मास्तरच्या शोकसभेत मायासमोरच बोलले थे. मी गुमान बसली. मास्तर जिते होते तवा थे बी गुमानच राहत — कोनाले एकदा बी सांगतलं नाई, असं कावून केलं.

आता थे तुले सारं गाव सांगन, का पुस्तकातली पिंजारीन म्हंजे मी आन थो पोरगा म्हंजे माया मुजम्मिल. मंग शेवट खोटा कसा? येते ना माया पोरगा! ईदले आला होता. संध्याकाळच्या गाडीनं उतरला, निळा सदरा, खांद्यावर पिशवी — दारातूनच म्हने, 'अम्मा, मायी रजई अजून तशीच हाये काय?' — मंग चुलीपाशी बसला, बशीत चहा फुकू फुकू — काय? काय म्हनली? पुस्तकात बी असंच हाये? निळा सदरा बी? ... पिशवी बी.

हाये. तू वाचलं हाये, तुले कायले फसवू. मले वाचता येत नाई, पन थे पान तोंडपाठ हाये — जो येते त्याले वाचाले लावते. मुजम्मिल सुरतले हाये. अब्बासंग भांडून गेला — त्याले हा पिंजाचा धंदा नव्हता कराचा — थो गेला थो गेलाच. अब्बाच्या मयतीले नाई आला, ईद तं दूरच. फोन लावला का सून म्हनते, बाहेर गेले. गल्लीत मी सांगून देते, रातच्या गाडीनं आला आन पहाटेच गेला. लोकं मानतात का नाई, अल्ला जाने. लय एकटं वाटते पोरी, लय. मास्तर होते तवा दोन शब्द तरी होत. आन मास्तरनं पैले खरंच लिहिलं होतं — पोरगा येत नाई, बुढी दरसाल त्याची रजई उकलते, कापूस पिंजते, पुन्हा भरते. अथीच बसून वाचून दाखवलं मले. माया हातातली सुई तशीच राहिली. मंग म्हटलं, मास्तर, तुमच्या हातात हाये ना, तं आना की त्याले घरी. बाकी कोनी तं आनत नाई. मास्तर उठले, चप्पल घातली, गेले. आठ दिवसाईनं आले तं पोरगा घेऊनच आले. पुस्तक बिघडून राहिलं हे त्याईले कळत नव्हतं काय? साऱ्या प्रोफेसराईपेक्षा जास्त कळे. मायापायी खाल्ली त्याईनं बोलनी, जलमभर.

थे लाल बत्ती चालू हाये काय? कवापासून? ... पुसून टाक. अवं, उद्या सारं गाव बसन तथी, पुंजाजी बसन, गल्लीतल्या बाया बसतीन — पुसून टाक म्हनते ना! ... थांब. थांब जराशी. थे प्रोफेसर उद्या बी तसंच बोलतीन काय? मास्तरच्या फोटोसमोर?

नको पुसू. दाखव. साऱ्याईले दाखव. मी नाई येत — मले आनाले गाडी पाठवू नको.

थे पुस्तक काढ झोऱ्यातून. थे पान एक डाव वाच — उद्या गावाले समजलं का मंग मले बी थे खरं नाई वाटनार. तथून वाच, गाडीतून उतरते तथून... नाई. राहू दे. अंधार पडून राहिला, तुयी माय वाट पाहत असन. फोन कर तिले, निघाली म्हनून. आताच कर, मायासमोर. ... उचलला? एकाच घंटीत?

जाय.