नळीपासून चाळीस सेंटिमीटर

मोजणीबाई : लोकरीचा स्वेटर धुतला असेल तर पिळायचा नाही. टॉवेलात गुंडाळायचा आणि त्यावर बसायचं. दहा मिनिटं. नऊ नाही.

मोजणीबाई : कुलूप अडकलं असेल तर जोर लावायचा नाही. किल्लीला पेन्सिलीचं शिसं घासायचं. दोनदा.

मोजणीबाई : धाकट्या बहिणीनं लग्नाला नाही म्हटलं तेव्हा घरात तीन दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही. चौथ्या दिवशी मी बोलले. ती म्हणाली, मीठ दे.

मोजणीबाई : शेजारचं कुत्रं भुंकत असेल तर पळायचं नाही. उभं राहायचं. वीस आकडे मोजायचे.

तपासनीस : पुरे, पुरे! झाली चाळीस मिनिटं.

मोजणीबाई : अडतीस.

तपासनीस : आजी, तुमच्यापुढे घड्याळ लाजेल.

मोजणीबाई : आजी म्हणू नका. प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मला सगळे बाई म्हणायचे. तुम्ही म्हणालात, सुचेल ते बोला, मी बोलले. आता सांगा, त्या कुत्र्याचा आणि माझ्या अहवालाचा काय संबंध?

तपासनीस : 'माझ्या' अजून म्हणायचं नाही बाई. तेच तर ठरवायचंय. हे बघा, मी मजकुरावरून माणूस ओळखतो. निनावी पत्रं, वादातली मृत्युपत्रं, असलं सगळं येतं माझ्याकडे. लिहिणारा काय म्हणतो ते मी बाजूला ठेवतो. कशाच्या आधी काय म्हणतो, कोणते बारके शब्द पुन्हा पुन्हा वापरतो, ते मोजतो.

मोजणीबाई : म्हणजे तुम्हीही मोजणीवालेच.

तपासनीस : तुमच्याच जातकुळीतला. तर तुमच्या साहेबांचे अकरा लेख मोजले. 'मंद माऱ्याने होणारी झीज' हे अहवालातलं चौथं प्रकरण त्यांच्या कशाशीच जुळत नाही. साहेबांचं एकेक वाक्य म्हणजे लांबलचक वरात, नवरदेव सगळ्यात शेवटी. चौथ्या प्रकरणात मात्र : अमुक असेल तर तमुक करू नये. मग आकडा. मग पूर्णविराम.

मोजणीबाई : मग झालं की.

तपासनीस : कुठे झालं? 'हे साहेबांचं नाही' एवढं मी छातीठोक सांगेन. 'हे बाईंचं आहे' असं सांगायला तुमचं त्या काळातलं काहीतरी हवं. तुमच्या रोजच्या वहीत नुसते आकडे. आजचं बोलणं आजचं. चाळीस वर्षांत माणूस बदलतो.

मोजणीबाई : मी नाही बदलले.

तपासनीस : ते दिसतंय. पण दिसतंय असं लिहून मी सही करत नाही.

(दार वाजतं. पन्नाशीकडे झुकलेला एक गृहस्थ आत येतो. बगलेत जाड फाईल. तो बसत नाही.)

दंतवैद्य : इथेच ना ते लेखक शोधणारे?

तपासनीस : या. बाई, हे तुमच्या साहेबांचे चिरंजीव. मीच बोलावलंय. वडिलांचं मूळ हस्तलिखित यांच्याकडे आहे.

मोजणीबाई : अरे, तू! केवढासा होतास. माझ्या टेबलाखाली बसून शेंगदाण्याएवढ्या ट्रान्झिस्टरचे तारेचे पाय वाकवायचास.

दंतवैद्य : आता लोकांचे दात सरळ करतो. काकू, मी उगाच गोड बोलणार नाही. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्या अहवालाचं पदक माझ्या दवाखान्यात टांगलंय. पेशंट आ करतो तेव्हा त्याला समोर तेच दिसतं. आणि आता तुम्ही म्हणता, ते तुमचं. हयातीत बोलला असतात तर मान दिला असता.

मोजणीबाई : पदक राहू दे टांगलेलं.

दंतवैद्य : मग काय हवंय? श्रेयच ना?

मोजणीबाई : श्रेय नको रे. त्या प्रकरणात एक चूक आहे. ती मला हवीय.

दंतवैद्य : चूक हवीय?

मोजणीबाई : बस आधी. उभ्या माणसाला समजावताना माझी मान दुखते. हं. किरणोत्साराचे किरण लागले की इलेक्ट्रॉनिक भाग झिजतात, एवढं तुला ठाऊक आहे. उपग्रहात ते वर्षानुवर्षं थोडे थोडे लागतात. आधी सगळे काय करायचे, दहा वर्षांचा मारा एका दुपारी द्यायचे आणि म्हणायचे, टिकला! आम्ही तोच मारा चौदा महिने हळूहळू दिला. भाग कितीतरी जास्त झिजले.

दंतवैद्य : हे मला पाठ आहे. बाबा जेवताना सांगायचे.

मोजणीबाई : काठीचं सांगितलं का कधी?

दंतवैद्य : कसली काठी?

मोजणीबाई : किरणांचा स्रोत खाली खड्ड्यात असायचा. आम्ही बाहेर पडलो की तो एका उभ्या नळीतून वर यायचा. भागांची पाटी नळीपासून किती लांब, यावर मारा किती ते ठरतं. त्या खोलीत जास्त रेंगाळायला नको म्हणून मी एक काठी कापली होती. चाळीस सेंटिमीटर. एक टोक नळीला, दुसऱ्या टोकाला पाटी. चार सेकंदांत काम. सगळे म्हणायचे, बाईंची काठी म्हणजे काय!

तपासनीस : पुढचं सांगा त्यांना.

मोजणीबाई : जुनी नळी बोटाएवढी बारीक होती. मंद माऱ्याच्या आधी ती गंजली म्हणून बदलली. नवी चांगली जाडजूड आली, सोळा सेंटिमीटरची. आणि मी काठी तीच लावली.

दंतवैद्य : मग? काठी तर तेवढीच.

मोजणीबाई : स्रोत नळीच्या मधोमध. मी मोजलं नळीच्या भिंतीपासून. म्हणजे पाटी चाळीसवर नव्हती, अठ्ठेचाळीसवर होती. अंतर वाढलं की मारा भराभर घटतो. शंभर लिहिला, तिथे पडला होता सत्तर. म्हणजे सत्तरमध्येच ते भाग गेले. माझ्या तक्त्यात दहा वर्षं टिकेल म्हणून लिहिलेला भाग सात वर्षांत मरेल.

दंतवैद्य : आणि हे चाळीस वर्षांनी सुचलं?

मोजणीबाई : गेल्या महिन्यात. निवृत्त झाले तेव्हा काठी घरी आणली होती. खिडकी उघडी राहावी म्हणून लावायचे. ती निसटून पडली, उचलताना टोक बघितलं. एका बाजूला गंज लागलेला, जुन्या नळीचा. दुसऱ्या बाजूला नव्या नळीचा हिरवा रंग. म्हणजे दोन्ही नळ्यांना काठी एकच.

दंतवैद्य : कुणाला बोलला नाहीत?

मोजणीबाई : बोलले तर! वादळाची आगाऊ सूचना देणारा एक उपग्रह होतोय. नऊ वर्षं चालायचा आहे. भाग निवडलेत माझ्या तक्त्यावरून, कारण त्या जातीच्या भागांची मंद तपासणी दुसऱ्या कुणी केलीच नाही. त्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत. अहवाल छापणाऱ्या संस्थेला लिहिलं. ते म्हणाले, दुरुस्ती फक्त लेखकाकडून घेतो. लेखक म्हणून नाव तुझ्या बाबांचं. ते तर आता सही करायला यायचे नाहीत.

दंतवैद्य : मग त्यांनी पुन्हा मोजावं की! एवढी मोठी यंत्रणा त्यांची.

मोजणीबाई : मंद मारा मंदच द्यावा लागतो बाळा. चौदा महिने. उड्डाण आहे अकरा महिन्यांनी. भाग बदलायला अजून वेळ आहे. पण निवृत्त बाईला स्वप्न पडलं म्हणून कुणी भाग बदलत नाही.

तपासनीस : श्रेयासाठी भांडत येणारे मी शंभर बघितले. चुकीसाठी भांडणाऱ्या या पहिल्याच.

दंतवैद्य : तुम्हाला गंमत वाटते. माझ्या बाजूनं बघा जरा. उद्या छापून येणार की बाबांनी दुसरीचं लिहिलेलं आपल्या नावावर खपवलं, आणि वर ते चुकीचं निघालं. माणूस गेल्यावर दोन्ही गालांवर? नाही. आणि हे काही ऐकीव नाहीये, पुरावा आणलाय मी. ही घ्या फाईल. चौथं प्रकरण. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बाबांचं अक्षर. बोला आता!

मोजणीबाई : अक्षर त्यांचंच आहे. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. जिन्यावरून पडले होते. मी सांगत गेले, त्यांनी लिहून घेतलं. टायपिस्ट तसाही फक्त साहेबांचंच अक्षर घ्यायचा.

दंतवैद्य : हे तुम्ही म्हणता.

मोजणीबाई : हो. मीच म्हणते. तिसरं कुणी नव्हतं खोलीत.

तपासनीस : जरा द्या इकडे. खाडाखोड फार आहे का?

दंतवैद्य : बाबा कधी खोडायचे नाहीत. एकटाकी लिहायचे. सगळ्या फाईलमध्ये एकच ओळ खोडलेली आहे. काल रात्री… जाऊ दे.

तपासनीस : काय काल रात्री?

दंतवैद्य : काही नाही. कामाची ओळ नाही ती.

मोजणीबाई : तू लहानपणीही असाच. पाय वाकवलेला ट्रान्झिस्टर मुठीत, आणि म्हणायचास काही नाही.

दंतवैद्य : काकू, मी ते पान फाडून मग फाईल आणू शकलो असतो.

मोजणीबाई : पण आणलीस ना अख्खी?

दंतवैद्य : सतराव्या पानावर. मी चारदा वाचली. म्हटलं, बाबा असलं कशाला लिहितील अहवालात? हे बघा. 'पाटी हलवली असेल तर त्या दिवसाचे आकडे धरू नयेत. सलग तीन दिवस पुन्हा मोजावे.' आणि त्याच्या पुढे, त्याच शाईत, एका रेघेनं खोडलेलं…

तपासनीस : वाचा.

दंतवैद्य : 'साहेब, वारा लागत असेल तर खिडकी पूर्ण लावू नका. चार बोटं उघडी ठेवा.'

मोजणीबाई : अगंबाई! तेसुद्धा लिहिलं त्यांनी?

तपासनीस : तंद्रीत लिहून गेले. मग लक्षात आलं, रेघ मारली. स्वतःलाच कुणी साहेब म्हणत नाही. बाई, हे मोजायची गरजच नाही. ही ओळ आणि तिच्या आधीची, एकाच तोंडातून आलीय.

दंतवैद्य : बाबांचं काय होणार मग?

मोजणीबाई : दुरुस्तीत मी लिहिणार आहे की अंतर मी मोजलं. साहेब त्या खोलीत कधी पाऊल टाकायचे नाहीत, मीच टाकू द्यायचे नाही. चूक माझ्या काठीची. त्यांनी जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहिलं. खिडकीसकट.

दंतवैद्य : वारस म्हणून सही कुठे करायची असते?

तपासनीस : इथे. आणि सतराव्या पानाची प्रत मला लागेल. आजच दोन्हीकडे पाठवतो.

मोजणीबाई : आज म्हणजे पाचच्या आत. पाचनंतर पाठवलं तर उद्याची तारीख पडते.

दंतवैद्य : घ्या, केली सही. पण काकू, एक सांगा. बाबांनी तुमचं नाव का नाही घातलं? खरं सांगा, मी नाही रागावणार.

मोजणीबाई : विचारलं होतं त्यांनी. शेवटचं पान झाल्यावर पेन तसंच धरून म्हणाले, बाई, नाव कुणाचं घालू?

दंतवैद्य : मग?

मोजणीबाई : मी म्हटलं, घाला तुमचंच, माझी सव्वापाचची बस आहे.