आहेराच्या पाकिटावरचं नाणं

कर्जतच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघं नगरच्या गाडीची वाट बघत बसले होते.

"आसाराम, ते नाणं माझं हाय."

"सहादेव, कल्याणला त्याच्या लग्नात आहेराच्या पाकिटाला चिकटवून तूच दिलं. दिलं ते दिलं."

"ते टाकसाळीत चुकलंय, मला काय ठाऊक? आकडा सरळ धरून पालटलं की मागचे सिंह डोक्यावर उभे. असं लाखात एखादं."

"खिशात हुतं तवा बघायचं."

"रुपयाला कोन पालटून बघतं? आता पुण्याच्या नाणेवाल्यांनी बोलावून फेटा बांधला कल्याणला. सिंह माझे, फेटा त्याचा."

"वहिनी म्हनत्यात, तू जेवत न्हाईस."

"जेवतो. चव लागत न्हाई. पन नाणं परत येनार. आहेर फेडावा लागतो का न्हाई?"

"तुझ्या घरी आता कसलं कार्य?"

"रेडकाचं बारसं ठेवलंय. मांडव सांगितला, पाळणा आणला. पत्रिकेत छापलंय, पाकिटाला नाणं लावूनच आणावं."

"कल्याण येतो म्हनला?"

"व्हय. सहकुटुंब."

"मग तोंड का उतरलंय?"

"म्हनला, पाळण्याला स्कॅनर लावून ठिव."