हमामात राहिलेली चांदीची डबी

पोलीस ठाणे, सोलापूर शहर. ता. ७ मे १९७४, मंगळवार. अकस्मात मयताच्या चौकशीकामी घेतलेला जबाब.

मी लालसाब रहिमतुल्ला हमामवाले, वय ५८ वर्षे, धंदा गरम पाण्याचे हमाम व केशकर्तन, राहणार त्याच दुकानाचा माळा, एस. टी. स्टँडच्या मागची गल्ली, सोलापूर. कुटुंबात दुसरे कोणी नाही. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

वरील ठिकाणचे दुकान माझ्या वडिलांपासूनचे आहे. पुढे दोन खुर्च्या, मागे न्हाणीघर आणि तांब्याचा बंब. गावोगावचे लोक एस. टी.तून उतरतात, कोणाचे कोर्टाचे काम असते, कोणाचे सोयरिकीचे. ते आधी माझ्याकडे येतात, दाढी-अंघोळ करून माणसात येतात आणि मग पुढे जातात. अंघोळीला माणूस अंगावरचे सगळे काढतो आणि निघताना त्यातले काहीतरी विसरतो. अंगठ्या, घड्याळे, ताईत, एकदा तर दातांची कवळी राहिली होती. ती एका मुनिमाची होती. तो तोंड मिटून परत आला, पण कवळी आपली आहे हे कबूल करायला तयार नव्हता. शेवटी मीच पाठ फिरवली, तेव्हा उचलून गेला. विसरलेल्या वस्तूबाबत मी कधी धावाधाव केली नाही. दुकानात बसून राहायचे, माणूस आपोआप परत येतो, त्याचे त्याला द्यायचे. आजवर असेच चालले आणि कधी तक्रार आली नाही.

मयत इसमास ओळखता काय असे जमादार साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, ओळखतो. आज सकाळी सिव्हिल हॉस्पिटलात मला प्रेत दाखवले. ते गृहस्थ दर सोमवारी माझ्या दुकानी येत. किती वर्षे ते नक्की सांगता येणार नाही, पण माझी बायको माजिदा वारली त्याच्या आधीपासून. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने किरकोळ, धोतर-बंडी, कपाळाला भस्म. नाव विचारले असता मला माहीत नाही. राहायला कुठे तेही माहीत नाही. मी त्यांना अप्पा म्हणत असे, ते मला लालसाब म्हणत. जमादार साहेब म्हणाले, "एवढी वर्सं गळ्यावर वस्तरा फिरवलास आन् नाव इचारलं न्हाईस व्हय?" नाही विचारले. माणूस दर सोमवारी येतोच म्हटल्यावर नावाची गरज पडत नाही. आता पडली आहे, आणि त्याची मला शरम वाटते.

अप्पा लिंगायत होते. त्यांच्या गळ्यात दोऱ्याला चांदीची डबी असे, तिच्यात त्यांचे लिंग, म्हणजे रोजच्या पूजेचे शिवलिंग. ती डबी ते अंगावरून कधी उतरवत नसत, अंघोळ करतानासुद्धा नाही. आधी दाढी, मग अंघोळ, मग कोपऱ्यात पाटावर बसून लिंग तळहातावर घेऊन पूजा, असा त्यांचा क्रम होता. त्यासाठी मी तो कोपरा धुऊन ठेवत असे आणि पाट वेगळा ठेवला होता, त्यावर दुसऱ्या कोणाला बसू देत नव्हतो. पूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा थेंब घेत नसत. पूजेनंतर मात्र घाई करत नसत. बाकावर बसत. ऊन किती, ज्वारी कशी, अमका वारला, एवढेच बोलणे. पुष्कळदा तेही नसे. पण "केस बारीक करा" आणि "पाणी कढत आहे" याखेरीज आठवड्यात माझ्याशी बोलणारा तेवढाच एक माणूस होता. त्यांच्याशीही दुसरे कोणी बोलत असेल असे मला वाटत नाही, नाहीतर ते माझ्या बाकावर एवढे कशाला बसले असते. हे चौकशीत बसत नसेल तर लिहू नये असे मी म्हणालो. जमादार साहेबांनी लिहिले आहे.

काल सोमवारी ते नेहमीपेक्षा लवकर आले. वैरागला बसप्पाकडे जायचे आहे म्हणाले. बसप्पा कोण, हेही मी विचारले नाही. दाढी झाल्यावर त्यांनी गळ्यातली डबी काढली आणि मला दोरा दाखवला. म्हणाले, "कुजलाय बग. पान्यात तुटला तर मोरीत जाईल." डबी त्यांनी न्हाणीघराच्या कोनाड्यात कोरड्या पंचावर ठेवली. अंघोळ करून बाहेर आले तेव्हा मी पाट मांडला होता. ते म्हणाले, "आज न्हाय रे. गाडी चुकंल. तितं जाऊन पूजा करतो." मी म्हणालो, "दुसरी गाडी हाय की, अप्पा." ते म्हणाले, "बसप्पानं लई वर्सांनी बोलवलंय. वाट बगत आसंल." बोलताना हसत होते. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिले आहे, म्हणून मी पाट उचलून ठेवला.

डबी विसरलेच कसे, असे साहेबांनी विचारले. वस्तू रोज काढून ठेवणाऱ्याला ती परत उचलायचीही सवय असते. अप्पांनी डबी कधी काढलीच नव्हती, मग उचलायची सवय कुठून असणार? मलाही त्या वेळी आठवले नाही. पुढचे गिऱ्हाईक न्हाणीघरात गेले आणि "हे कुणाचं राहिलंय?" म्हणून आतून ओरडले, तेव्हा माझ्या लक्षात आले.

मी डबीला हात न लावता ती पंचासकट उचलली आणि शेजारचे किराणा दुकानदार मल्लप्पा यांच्याकडे नेली. मल्लप्पा लिंगायत आहेत. म्हणालो, "सोमवारच्या अप्पांची हाय. तुमच्यातलेच हायत. तुमी ठेवून घ्या, ते आले की द्या." मल्लप्पा गल्ल्यावरून उठून उभेच राहिले. म्हणाले, "खुळा का काय तू? दुसऱ्याचं लिंग म्या कसं ठेवून घिऊ? ज्याचं त्याच्याच हातात जायला पायजे. आन् आत्ताच्या आत्ता जा. हे मिळूस्तवर म्हातारा पानीसुदिक पिनार न्हाय. ऊन बगितलंस का कसलं हाय ते?" मी खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाची अर्धी राहिलेली दाढी कशीबशी उरकली, दुकानाला कुलूप लावले, समोरच्या लिंबेवालीला कुठे चाललो ते सांगितले आणि स्टँडवर धावत गेलो. वैरागची गाडी नुकतीच सुटली होती. मी मागच्या गाडीने गेलो.

वैरागात उतरून बसप्पा नावाच्या माणसाची चौकशी केली. एकाने धान्याच्या आडतीवर धाडले, एकाने कासाराच्या गल्लीत. दोन बसप्पा भेटले. दोघांनीही सोलापूरच्या कोणा म्हाताऱ्याला बोलावले नव्हते. दुसऱ्याने तर मी काही विकायला आलो आहे असे समजून दार लावले. परत स्टँडवर आलो तर पहिल्या गाडीचा कंडक्टर चहा पीत होता. त्याला विचारले. तो म्हणाला, "ते म्हातारं? ते सोलापूरच्या जकात नाक्यावरच उतरलं की. छाती चाचपली आन् गाडी थांबवा, गाडी थांबवा म्हणून वरडाय लागलं. आमाला वाटलं, पाकीट मारलं."

मी लगेच माघारी निघालो. परतीच्या गाडीला वेळ होता, आणि ती मिळाली तर वाटेत तिचे चाक बसले. सगळे उतरून बाभळीखाली उभे राहिलो. कोणीतरी मडके आणले, सगळे पाणी प्याले. मी डबी पंचात धरून उभा होतो. मला कोणी पाणी पिऊ नको म्हणाले नव्हते, माझा रोजाही नव्हता. पण ते नाक्यावरून उन्हात चालत माघारी निघाले असतील हे डोळ्यांपुढे दिसत होते आणि मी मडके तोंडाला न लावता पुढच्याला दिले.

माझ्या मागे दुकानापुढे जे घडले ते मी पाहिलेले नाही. समोर लिंबे विकणारी नागव्वा हिने मला सांगितले ते सांगतो. अप्पा नाक्यापासून पायी आले तेव्हा दुकानाला कुलूप होते. मल्लप्पा जेवायला घरी गेले होते. नागव्वा त्यांना म्हणाली, "अप्पा, लालसाब तुमची डबी घिऊन तुमच्याच मागं वैरागला गेलाय." तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. म्हणाले, "लालसाबकडं हाय नव्हं? मग काय काळजी न्हाय. यील की. बसतो." आणि माझ्या पायरीवर बसले. तिने लोटीभर पाणी दिले, त्यांनी हात जोडले. ती म्हणाली, "दोन घोट घ्या. देव काय बगत न्हाय." ते म्हणाले, "मी बगतोय की, नागव्वा."

पायरीवर ऊन आले तेव्हा तिने त्यांना आपल्या पालाखाली बोलावले. ते गेले नाहीत. म्हणाले, "हितनं हललो तर पुन्यांदा चुकामूक हुईल." तिने फडके भिजवून त्यांच्या डोक्यावर ठेवले, तेवढे त्यांनी ठेवू दिले. मग त्यांनी कुलपाशेजारी दाराला डोके टेकले. नागव्वाला वाटले, डोळा लागला. हे सांगताना ती रडली. तिचा काही दोष नाही, हे मी तिलाही सांगितले आणि इथेही लिहून घ्यावे.

मी आलो तेव्हा पायरीपाशी लोक जमले होते आणि अप्पांना टांग्यातून हॉस्पिटलात नेले होते. त्यांच्या चपला पायरीखाली जोडीने ठेवल्या होत्या, कोणाच्या घरात शिरताना ठेवतात तशा. मी कुलूप काढून दार उघडले. का उघडले ते सांगता येत नाही, गिऱ्हाईक कोणीच नव्हते.

चांदीची वस्तू घेऊन शहराबाहेर का गेलास, असे विचारल्यावरून सांगतो की, कारण वर सांगितले आहे. मी चांदी घेऊन पळालो असे गल्लीत एकजण बोलला. त्याचे नाव मला कळले आहे, इथे देत नाही, कारण तो दाढीला माझ्याकडेच येतो आणि यापुढेही येईल. त्याच्या बोलण्याचा मला राग नाही. राग आहे तो स्वतःचा. जन्मभर मी विसरलेल्या वस्तूपाशी बसून राहिलो. काल एकदाच उठून मागे धावलो. बसून राहिलो असतो तर ते आले असते, पूजा केली असती, पाणी प्याले असते आणि बाकावर बसून मला उन्हाचे सांगितले असते. मल्लप्पा म्हणतात, तू चांगलेच करायला गेलास. साहेबही तेच म्हणाले. खोटे नाही, पण त्याने माझे समाधान होत नाही.

डबी मी आज पंचासकट इथे टेबलावर ठेवली आहे. पंचनाम्यासाठी ती उघडून आतली वस्तू दाखवावी आणि चांदी असल्याने मुद्देमालात जमा करावी, असे जमादार साहेब म्हणाले. मी ती उघडलेली नाही आणि उघडणार नाही. माझी विनंती आहे की ती जमा करू नये. हॉस्पिटलच्या कागदावर बेवारस असे लिहिले आहे, आणि दुपारनंतर महानगरपालिकेची माणसे प्रेत नेऊन जाळतील असे मला तिथे समजले. मल्लप्पा सांगतात की त्यांच्यात जाळत नाहीत. बसवून मातीत ठेवतात आणि लिंग डाव्या तळहातावर देतात. मठातल्या स्वामींना आणि खांद्याला माणसांना आणायची जबाबदारी मल्लप्पांनी घेतली आहे, ते बाहेर उभे आहेत. वैरागला बसप्पासाठी निरोप गेला आहे, पण एवढ्या उन्हात प्रेत थांबणार नाही. अडले आहे ते सहीवर. नातेवाइकाच्या सहीशिवाय प्रेत देता येत नाही असे साहेब म्हणतात. ज्याचे नावही माहीत नाही त्याच्यासाठी सही करायला मल्लप्पा कचरतात, आणि त्यात त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही.

सही माझी घ्यावी. मयताशी नाते काय लिहू, असे जमादार साहेबांनी विचारले. मी म्हणालो, गिऱ्हाईक लिहा. ते म्हणाले, त्या रकान्यात गिऱ्हाईक लिहिता येत नाही. मग तिथे जे लिहिता येत असेल ते साहेबांनी लिहावे, मी त्याखाली सही करतो आणि त्याची सगळी जोखीम माझी. लिंग स्वामी त्यांच्या हातावर ठेवतील. माझा हात लागणार नाही, मी लांब उभा राहीन. पण ते त्यांच्या हातात पोचलेले मला माझ्या डोळ्यांनी बघायचे आहे. तोपर्यंत ही डबी मी या टेबलावरून उचलून कोणालाही देणार नाही, साहेबांनासुद्धा नाही. उद्धटपणा झाला असेल तर माफी असावी.

वरचे सगळे जमादार साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवले आणि मी ते नीट ऐकले. मी बोललो तसेच उतरले आहे. फक्त जबाबाच्या मथळ्यावर "बेवारस मयत" असे शब्द होते, त्यातला पहिला शब्द मी खोडायला लावला. साहेबांनी तो खोडला. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

लालसाब रहिमतुल्ला हमामवाले