धरणाला राहिलेला वळसा

सहलीचे बेत आखता आहात म्हणून सांगतो. आमचा पास्कोल मुलाकडे कॅनडाला कायमचा निघाला होता. त्यापूर्वी दिवसभर सायकलने पेल्हारच्या धरणाला वळसा घालायचा, एवढीच त्याची इच्छा होती. शेवटचा रविवार ठरला; त्याच रात्री त्याचे विमान होते.

लवकर निघता यावे म्हणून चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेबद्दल मी सुचवले, "पहाटेची मिस्सा चुकवू."

"शेवटची मिस्सा चुकवतात का, वेड्या?"

मिस्सा संपली आणि चर्चच्या आवारात आमचे सगळे पापडी गाव त्याचा निरोप घ्यायला थांबले. कुणाचाही हात त्याला सोडवेना. ऊन डोक्यावर आले. रात्रीच्या विमानाआधी धरण गाठून परतणे आता अशक्य होते.

मी समजूत घातली, "असू दे. धरण काही पळून जात नाही."

सायकलचे हँडल धरून तो म्हणाला, "धरण नाही रे. पळून मी चाललोय."